दोन पाळ्यांचे गोदाम आणि बॅटरीचे घड्याळ

रात्रीचे अकरा वाजत आलेले असतात. मुंबई-नाशिक महामार्गावरून मानकोलीकडे वळलेले कंटेनर गोदामांच्या दारांशी एकामागे एक लागलेले असतात. न्हावा शेव्याहून आलेला माल उतरवून घ्यायचा, दुकानांसाठी निवडून ठेवलेला माल लहान गाड्यांत भरायचा, आणि हे सारे उजाडण्यापूर्वी उरकायचे. शहरात जड वाहनांना दिवसाच्या गर्दीच्या वेळी मज्जाव असतो, म्हणून भिवंडी परिसरातील पुष्कळ गोदामांचा खरा दिवस रात्रीच सुरू होतो.

अशा वेळी गोदामात पाऊल ठेवले की तेथे कोणते यंत्र चालते हे डोळ्यांआधी नाकाला कळते. डिझेलची फोर्कलिफ्ट असेल तर पत्र्याच्या छताखाली निळसर धूर साचलेला असतो आणि कापडाच्या गाठींना, कागदाच्या खोक्यांना त्याचा वास चिकटलेला असतो. विजेवर चालणारी असेल तर वास नाही, आवाजही नावापुरता. पण एखाद्या रात्री निराळेच दृश्य दिसते. यंत्र काटे जमिनीला टेकवून मधल्या वाटेतच उभे आहे, भोवती तीनचार माणसे हात बांधून उभी आहेत आणि कंटेनरचा चालक पुनःपुन्हा घड्याळाकडे पाहत आहे. बॅटरी उतरलेली असते.

‘विजेची फोर्कलिफ्ट आपल्या कामाला पुरत नाही’ हे वाक्य व्यापारी घरांतून ऐकू येते, ते बहुधा अशाच एखाद्या रात्रीनंतर. वाक्य अनुभवातून आलेले असल्याने ते खोडून काढणे सोपे नाही. मात्र त्या रात्रीचा दोष यंत्राच्या माथी मारला जातो तेव्हा एक गोष्ट नजरेतून सुटते. यंत्र विकत घेताना त्याची उचलण्याची क्षमता पाहिली गेली, किंमत पाहिली गेली, हमी पाहिली गेली. पण गोदामाचा दिवस किती तासांचा आहे आणि त्यात बॅटरीला विसावा केव्हा मिळणार, हे कोणी कागदावर मांडले नव्हते.

गोदामाचे तास वाढले ते का, याला इतिहास आहे. यंत्रमागांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिवंडीच्या भोवती, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ अशा गावांतून गोदामे उभी राहिली त्यामागे मुंबईच्या जकातीचा मोठा वाटा होता. माल शहराच्या हद्दीबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हा त्या काळचा साधा हिशेब. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, राज्याराज्यांत लहान वखारी ठेवण्याचे करापुरते कारणही संपले. त्यामुळे पुष्कळ कंपन्यांनी विखुरलेला साठा थोड्या पण मोठ्या गोदामांत आणला. छते उंच झाली, रॅक उंच झाले आणि काम एका पाळीतून दोन पाळ्यांत, सणासुदीच्या दिवसांत तिसऱ्या पाळीतही गेले. जी फोर्कलिफ्ट पूर्वी दिवसाला दोन तास चालून सावलीत उभी राहत असे, तिला आता सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत उसंत नाही.

चोपड्यात काय दिसते

या प्रश्नावर घरात दोन पक्ष पडलेले दिसतात. वडील पिढीने डिझेलच्या यंत्रावर व्यवसाय उभा केलेला असतो. टाकीत तेल ओतले की पाच मिनिटांत यंत्र पुन्हा कामाला लागते, हा त्यांचा युक्तिवाद, आणि तो अनुभवसिद्ध आहे. पुढची पिढी म्हणते, चालवण्याचा खर्च पाहा. दोघांचे म्हणणे एकाच चोपड्यात मांडून पाहिले तर निकाल एका आकड्यावर येऊन ठरतो. तो आकडा म्हणजे यंत्राचे वर्षाचे तास.

तीन टन क्षमतेचे डिझेल यंत्र जोमाच्या कामात तासाला सुमारे तीन लिटर तेल घेते. त्याच क्षमतेचे विजेचे यंत्र चार्जिंगमधील घट धरून तासाला सुमारे आठ युनिट वीज घेते. डिझेलचा भाव लिटरला ९० रुपये आणि विजेचा सर्व आकारांसह युनिटला १० रुपये धरला, तर एका तासाला डिझेलचे २७० रुपये होतात आणि विजेचे ८०. प्रत्येकाने येथे आपल्या पंपाचा भाव आणि आपल्या बिलावरचा दर घालावा. आकडे बदलतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

आता एक किरकोळ माल हाताळणारे गोदाम घ्या, जेथे यंत्र दिवसाला दोन तास चालते. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ६०० तास होतात आणि बचत १ लाख १४ हजार रुपये. विजेच्या यंत्राची आणि बॅटरीची जादा किंमत इतक्या बचतीतून वसूल व्हायला बराच काळ लागेल, आणि तोवर बॅटरी वापराने नव्हे तर वयानेच म्हातारी होईल. येथे वडिलांचे म्हणणे ग्राह्य ठरते.

दोन पाळ्यांच्या गोदामात चित्र पालटते. मात्र येथे एक चूक टाळायला हवी. दोन पाळ्या म्हणजे १६ तास खरे, पण यंत्र १६ तास चालत नसते. कागद तपासण्यात, गाडी डॉकला लागण्याची वाट पाहण्यात, जेवणात आणि चहात वेळ जातो. यंत्रावर तास दाखवणारे मीटर असते. ते दोन पाळ्यांत साधारण १२ तास पुढे सरकते. म्हणजे वर्षाला ३६०० तास, आणि वरच्याच भावाने बचत ६ लाख ८४ हजार रुपये. हे एका यंत्राचे. त्यात डिझेल इंजिनाची देखभाल अजून धरलेली नाही. अडीचशे तासांनी इंजिन ऑइल बदलायचे म्हटले तर ३६०० तासांत ते चौदा वेळा बदलावे लागते. फिल्टर, बेल्ट, इंधनाचे इंजेक्टर, रेडिएटर हे पुढे आहेच. विजेच्या यंत्रात यांपैकी काहीच नसते. आजच्या एसी मोटारीत झिजणारे कार्बन ब्रशही राहिलेले नाहीत, आणि वेग कमी करताना मोटारच ब्रेकचे बरेचसे काम करून थोडी वीज बॅटरीत परत पाठवत असल्याने ब्रेकही कमी झिजतात.

म्हणजे ‘कष्टाच्या कामाला डिझेल, हलक्या कामाला वीज’ ही रूढ समजूत जमाखर्चाच्या बाजूने उलटी ठरते. तास जितके अधिक, तितके विजेचे यंत्र अधिक फायद्याचे. अडचण पैशाची नाहीच. ती आहे त्या बारा तासांची वीज यंत्राला केव्हा आणि कशी पुरवायची, याची.

आठ, आठ आणि आठ

बॅटरीवरची मालगाडी ही काही कालची नवलाई नव्हे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया रेल्वेने १९०६ मध्ये आल्टूना येथे प्रवाशांचे सामान हलवण्यासाठी बॅटरीच्या गाड्या वापरल्या होत्या. तेव्हापासून पुढे शतकभर या यंत्रांत प्रामुख्याने लेड-ॲसिड बॅटरी राहिली, आणि आजही बाजारातील स्वस्त पर्याय तीच आहे. तिचा एक स्वभाव आहे, जो विक्रेता नेहमीच ठळकपणे सांगतो असे नाही. ती आठ तासांची एक पाळी काम करते, पूर्ण चार्ज व्हायला आठ तास घेते आणि त्यानंतर थंड व्हायला आणखी आठ तास मागते. चोवीस तासांत एक पाळी, एवढाच तिचा वायदा.

तीन टनी यंत्रात ८० व्होल्टची, ५०० अँपिअर-तासांची बॅटरी असली तर तिच्यात ४० युनिट मावतात. त्यांपैकी ८० टक्के, म्हणजे ३२ युनिट वापरावेत. त्याखाली नेणे तिच्या आयुष्यावर उठते. प्रत्यक्ष बॅटरीतून यंत्र तासाला सहा युनिट घेत असेल तर मीटरवरचे पाच तास आणि वर काही मिनिटे झाली की ती रिकामी. एका पाळीला हे जवळजवळ पुरते. दुसऱ्या पाळीला दुसरी बॅटरी लागते, आणि तिन्ही पाळ्या चालवायच्या तर तिसरी. ही बॅटरी टनाहून जड असते. ती हाताने बदलता येत नाही. तिला रोलरचे स्टँड किंवा क्रेन हवी, मोकळी जागा हवी आणि शिकवलेली माणसे हवीत. यंत्र एकच आणि बॅटरीही एकच घेऊन दोन पाळ्यांचे गोदाम चालवण्याचा ज्यांनी प्रयत्न केला, त्यांची दुसरी पाळी रात्री अडणार हे खरेदीच्या दिवशीच ठरलेले होते.

मग माणसे जे करतात ते अधिक घातक असते. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास चार्जर लावायचा, चहाला पंधरा मिनिटे लावायचा आणि रात्र कशीबशी काढायची. लेड-ॲसिड बॅटरीला हे सोसत नाही. तिला थंड होण्याची सवड मिळत नाही, आणि अर्धवट चार्ज राहण्याची सवय लागली की तिच्या पत्र्यांवर गंधकाचे कठीण क्षार बसतात व क्षमता उतरत जाते. नीट सांभाळली तर अशी बॅटरी १२०० ते १५०० वेळा चार्ज होऊ शकते, म्हणजे एका पाळीच्या कामात चार-पाच वर्षे. आबाळ झाली तर दुसऱ्याच वर्षी ती अर्ध्या पाळीत दम टाकते.

तिच्या पाण्याचाही प्रश्न आहे. चार्ज होताना तिच्यातील थोडे पाणी वायू होऊन उडते, ते डिस्टिल्ड वॉटर घालून भरावे लागते. हे पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालायचे, आधी नव्हे; आधी काठोकाठ भरले तर ॲसिड फुगून वर येते व पेटी गंजते. काम पाच मिनिटांचे, पण पुष्कळ गोदामांत ते कोणाचेच नसते. चालकाला वाटते इलेक्ट्रिशियन पाहील, इलेक्ट्रिशियनला वाटते देखभालीचा करार असलेली कंपनी पाहील. उडून जाणाऱ्या त्या वायूत हायड्रोजन असतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. हायड्रोजन हलका असल्याने छताशी जाऊन बसतो. म्हणून चार्जिंगच्या खोलीची झडप खाली दाराशी ठेवून उपयोग नाही, ती वर लागते. त्या खोलीत बिडी पेटवणाऱ्याला हटकायला कोणी नसेल, तर बाहेर टांगलेल्या आगीच्या बादल्यांचा फारसा आधार नाही.

उन्हाळा हा आणखी एक भाग. पत्र्याच्या छताखाली वैशाखात तापमान चाळिशी ओलांडते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्म्याने घटते, असा या क्षेत्रातील ढोबळ ठोकताळा आहे. चार्जिंगसाठी गोदामातील सर्वांत अडगळीचा, वारा नसलेला कोपरा देण्याची जी पद्धत आहे, तिची किंमत याच ठोकताळ्यातून वसूल होते.

चहाची पंधरा मिनिटे

गेल्या काही वर्षांत या यंत्रांत लिथियम बॅटरी येऊ लागली आहे, बहुतेक वेळा लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारची. तिचा स्वभाव जवळजवळ उलटा आहे. अर्धवट चार्जिंग तिला चालते, किंबहुना तिच्याकडून दोन पाळ्या काम घ्यायचे तर तेच करावे लागते. थंड होण्यासाठी आठ तास नकोत, पाणी नको, चार्ज होताना हायड्रोजन नाही, बॅटरी बदलण्याचे स्टँडही नको. शेवटच्या तासापर्यंत यंत्राची चाल मंदावत नाही. लेड-ॲसिडवरचे यंत्र मात्र पाळी संपत आली की उचलताना कण्हू लागते. किंमत अर्थातच जास्त.

एवढ्यावर प्रश्न सुटला असे समजून जे लिथियमकडे वळतात, त्यांच्याही वाट्याला कधी कधी ती रात्रीची अकरा वाजताची वेळ येते. म्हणून येथेही चोपडा उघडावा लागतो. तीच ४० युनिटांची बॅटरी घ्या. लिथियमची असल्याने तिच्यातील ३६ युनिट निर्धास्त वापरता येतात. दोन पाळ्यांत यंत्र १२ तास चालते, तासाला सहा युनिट, म्हणजे गरज ७२ युनिटांची. सकाळी बॅटरी भरलेली असताना ३६ हाताशी आहेत, उरलेले ३६ दिवसभरात मिळवायचे आहेत. चार्जर तासाला १६ युनिट देत असेल तर चहाच्या पंधरा मिनिटांत ४, जेवणाच्या अर्ध्या तासात ८, पाळी बदलताना पाऊण तासात १२, दुसऱ्या पाळीच्या चहाला पुन्हा ४ आणि रात्रीच्या जेवणाला ८. बेरीज नेमकी ३६.

हिशेब जुळतो, पण जेमतेम. चालकाने दोन्ही चहांच्या वेळी प्लग लावायचा आळस केला तर आठ युनिट कमी पडतात, आणि त्या दिवशी यंत्र शेवटचा सव्वा तास चालत नाही. तोच सव्वा तास बहुधा सर्वांत घाईचा असतो. चार्जर गोदामाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर चालक चहासाठी तिकडे जाणार नाही, यंत्र जेथे असेल तेथेच ठेवून निघून जाईल. त्यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. चार्जर चहाच्या टपरीच्या वाटेवर, डॉकच्या जवळ असेल तर प्लग आपोआप लागतो. गोदामाचा आराखडा करताना ही बारकाई कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि नंतर यंत्राच्या नावाने बोटे मोडली जातात.

बॅटरी थोडी मोठी घेणे हा दुसरा उपाय. पैसे वाचवण्यासाठी लहान बॅटरी घेतली तर ती दिवसातून अधिक वेळा रिकामी होते व लवकर संपते. वरच्या उदाहरणात दिवसाला ७२ युनिट म्हणजे ४० युनिटांच्या बॅटरीची जवळजवळ १.८ वेळा पूर्ण उलाढाल. वर्षाच्या ३०० दिवसांत ५४०. बॅटरी ३००० वेळांची असेल तर तिचे आयुष्य साडेपाच वर्षांचे. विक्रेता ‘दहा वर्षे टिकते’ असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असतो असे नाही. तो बहुधा एका पाळीचे गोदाम डोळ्यांसमोर ठेवून बोलत असतो. म्हणून हमीपत्रात केवळ वर्षे लिहून चालत नाही. किती तास किंवा किती युनिट वापरापर्यंत हमी आहे आणि तोवर क्षमता किती टक्के उरेल, हे लिहून घ्यावे लागते.

जुन्या यंत्रात लेड-ॲसिड काढून लिथियम बसवण्याचा मोहही पडतो. त्यात एक धोका दडलेला आहे. फोर्कलिफ्टमध्ये बॅटरी हा नुसता विजेचा साठा नसतो, ती मागचे वजनही असते. पुढे काट्यांवर तीन टन आणि वर मास्ट ताणलेला असताना यंत्र पुढे कलंडू नये, याचा तोल बॅटरीच्या टनभर वजनावर अवलंबून असतो. लिथियम बॅटरी हलकी असते. यंत्राच्या पाटीवर बॅटरीचे किमान आणि कमाल वजन कोरलेले असते. नवी बॅटरी त्या मर्यादेत बसत नसेल तर कमी पडलेले वजन लोखंडाने भरून काढावे लागते. ही पाटी रंगाखाली किंवा धुळीखाली गेलेली असते, आणि स्वस्तात बॅटरी बदलून देणारा ती पुसून पाहील याची खात्री नाही. गोदामात जीव जातो तो अशा ठिकाणी.

विजेच्या जोडणीकडे शेवटी लक्ष जाते, खरे तर ते सर्वांत आधी जायला हवे. १६ युनिटांचा एक चार्जर, असे चार चार्जर जेवणाच्या सुट्टीत एकाच वेळी लावले तर ६४ किलोवॉटचा भार एकदम चढतो. दिवे आणि पंखे धरून मंजूर झालेली जुन्या गोदामाची जोडणी याला पुरत नाही. भार वाढवून घ्यायचा तर वीज कंपनीकडे अर्ज, अनामत, नवी केबल, काही ठिकाणी ट्रान्सफॉर्मर. भिवंडीत २००७ पासून वितरणाचे काम महावितरणच्या वतीने टोरेंट पॉवर पाहते. अन्यत्र महावितरण स्वतः. कोठेही असो, यंत्रे येऊन उभी आहेत आणि भार मंजूर झालेला नाही, अशी वेळ आली तर डिझेलचे जनरेटर लावून विजेची फोर्कलिफ्ट चार्ज करण्याची नौबत येते, आणि वरची सारी बचत धुरातून निघून जाते.

गोदाम भाड्याचे असेल तर प्रश्न दुहेरी होतो. वाढीव भाराचा खर्च मालकाने सोसायचा की भाडेकरूने? केबल आणि चार्जर करार संपल्यावर कोणाचे? भाडेकरारात यावर एक ओळ नसल्याने चांगले संबंध असलेल्या दोन घराण्यांत वितुष्ट येऊ शकते. समाजातील अनेक कुटुंबे एका बाजूने गोदामांची मालक आहेत आणि दुसऱ्या बाजूने भाडेकरू, तेव्हा ही ओळ लिहिण्यात दोघांचेही हित आहे. जेवणाच्या सुट्ट्या अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढेमागे केल्या तर भार निम्म्यावर येतो, हा साधा उपायही आहे. मात्र माणसांच्या जेवणाची वेळ बॅटरीच्या सोयीने हलवायची तर त्यांना आधी विचारलेले बरे.

या साऱ्या खटाटोपात डिझेल सोडण्याचे एक कारण असे आहे, जे चोपड्यात मांडता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. ज्यांच्याविषयी पुरेसा पुरावा आहे, असे पदार्थ त्या गटात असतात. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉसही त्यातच आहेत. रस्त्यावरचा धूर वाऱ्यावर जातो. बंद गोदामातला, विशेषतः पावसाळ्यात दारे ओढून घेतलेल्या गोदामातला धूर जात नाही. चालकाचे तोंड त्या धुरात आठ तास असते, हमालांचे असते, आणि काचेच्या केबिनमध्ये पावत्या लिहिणाऱ्या मुनिमाचेही असते. कित्येक पेढ्यांत घरातील मुलगा शिक्षण संपवून पहिली दोन-तीन वर्षे गोदामातच उमेदवारी करतो. तो रात्री घरी आल्यावर त्याच्या शर्टाला येणारा वास आईला परिचयाचा असतो; त्याचा अर्थ आता सर्वांना ठाऊक झाला आहे.

अर्थात डिझेलची सद्दी सर्वत्र संपली आहे असे नाही. कळंबोलीच्या पोलाद बाजारासारख्या ठिकाणी उघड्या, खडबडीत आवारात मोठी कॉइल उचलायची असते. जुलैत तेथे चाकाएवढे पाणी साचते. अशा ठिकाणी जड डिझेल यंत्राला अजून तोड नाही, आणि ते उघड्या हवेत चालत असल्याने धुराचा प्रश्नही तितका तीव्र नाही. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला तासगाव-सांगलीकडील बेदाण्याची शीतगृहे. बंद खोल्यांतील खाण्याच्या मालाजवळ डिझेलचे यंत्र नेण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे एक तर हातगाडी, नाही तर विजेचे यंत्र. थंडीत बॅटरी कमी वीज देते, लिथियम तर शून्य अंशाखाली चार्ज करू नये, म्हणून चार्जर शीतखोलीच्या आत न ठेवता बाहेरच्या मोकळ्या भागात ठेवतात. बाकी सपाट काँक्रीटची जमीन, वर छप्पर आणि दोन पाळ्या, असे जे गोदाम आहे, म्हणजे भिवंडीतील बहुतेक नवी गोदामे, तेथे विजेचे यंत्र न घेण्याला फारसे कारण उरत नाही.

एक इशारा मात्र यंत्र आल्यावर पहिल्याच आठवड्यात द्यावा लागतो. डिझेलच्या यंत्राचा आवाज हाच इतकी वर्षे त्याचा भोंगा होता. रॅकच्या कोपऱ्यावरून वळणारा हमाल कानाने सावध होत असे. विजेचे यंत्र चोरपावलांनी येते आणि पायाच्या पहिल्या दाबालाच जोरात सुटते. जमिनीवर पुढे निळा ठिपका टाकणारा दिवा, मागे जाताना वाजणारा भोंगा, माणसांसाठी पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली स्वतंत्र वाट, हे सामान यंत्राबरोबरच मागवायचे असते. डिझेलवर वीस वर्षे हात बसलेल्या चालकालाही दोन दिवस रिकाम्या पॅलेटवर सराव द्यावा लागतो. त्याला ते अपमानाचे वाटू नये अशा बेताने.

आणि म्हातारी बॅटरी? लेड-ॲसिडला भंगारात चांगला भाव येतो, म्हणून ती कोणाच्याही हाती जाते आणि वस्तीतल्या भट्टीवर फोडली जाते. शिसे त्या वस्तीच्या मातीत आणि मुलांच्या रक्तात उतरते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, लिथियमच्याही. नवी घेताना जुनी परत घेण्याची अट खरेदीच्याच कागदावर लिहून घेतली, तर चार पैसे कमी मिळतील, पण ती कोठे गेली हे ठाऊक असेल.

ज्या गोदामांत ही यंत्रे दोन पाळ्या बिनबोभाट चालतात, तेथे बाहेरून पाहणाऱ्याला विशेष काही दिसत नाही. चार्जरशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असते. दुपारी पाळी बदलते तेव्हा पहिल्या पाळीचा चालक यंत्र तेथे आणून प्लग लावतो, मीटरवरचा तासांचा आकडा आणि बॅटरीची टक्केवारी वहीत लिहितो, खाली सही करतो. दुसऱ्या पाळीचा चालक तो आकडा वाचतो, पाऊण तासाने पुन्हा एकदा पडद्याकडे पाहतो आणि मगच प्लग काढून चावी फिरवतो.